सुपारीएवढं ढेकूळ

२७ जुलै २०२०, सोमवार

ही वही खरं तर स्पृहाची. शाळेने मुलांना लॉकडाऊनची डायरी लिहायला सांगितली होती. तिने पहिल्या पानावर 'आज काहीही घडलं नाही' असं इंग्रजीत लिहिलं, दुसऱ्या पानावर 'कालच्यासारखंच' लिहिलं आणि वही माझ्या टेबलावर टाकून गेली. तेरा वर्षांच्या मुलीने याहून काय लिहावं?

माझ्याकडे मात्र आज लिहिण्यासारखं आहे. बारा आठवड्यांनी मी कामावर गेलो. सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या. मे महिन्यात कंपनीने अर्धी टीम घरी बसवली, त्यात मी. आता सरकारने नोकऱ्या गेलेल्यांसाठी सहा महिन्यांची कामं काढली आहेत. मला मिळालं जमिनीची धूप थांबवायचं. मेलबर्नच्या उत्तर टोकाला आमचं क्रेगीबर्न, तिथून गाडीने तासाभरावर, किलमोरच्या पुढे, मेंढ्यांच्या एका फार्मवर.

आमची तुकडी तिघांची. टालिया विमानात हवाई सुंदरी होती. हरमन आमच्याच क्रेगीबर्नचा, एका हॉटेलात तंदूर सांभाळायचा. मुकादम डॅरिल, वय साठीच्या आसपास, आयुष्य याच कामात गेलेलं. त्याने माझा फॉर्म नाकावरच्या चष्म्यातून वाचला. व्यवसाय: टेस्ट इंजिनियर.

"इंजिनियर! ब्यूटी. आम्हाला एक हवाच होता, मेट."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की बाबा रे, मी पूल बांधले नाहीत, मी मोबाइल ॲपमधली बटणं दाबून बघत असे. पण बारा आठवडे मी कोणीच नव्हतो. मी नुसता हसलो. मास्कमुळे ते त्याला दिसलंही नसेल.

४ ऑगस्ट, मंगळवार

अंग ठणकतंय. कुंपणाचे खांब ठोकले, रोपं लावली, मेंढ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

फार्म नोएलीन नावाच्या बाईंचं आहे. वय अठ्ठ्याहत्तर, नवरा गेलेला, एकट्या राहतात. आमच्यापासून लांब राहायची सक्त सूचना आहे, त्यांच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. क्रेगीबर्नमध्ये सध्या कोरोना जोरात आहे, तिथले म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. नोएलीन मात्र फाटकाच्या खांबावर डब्यात आम्हाला खायला स्कोन्स ठेवून जातात आणि पंधरा पावलांवरून ओरडून गप्पा मारतात.

घळ पाहिली. टेकडीच्या उतारावर जमीन चिरल्यासारखी फाटली आहे, दोन पुरुष खोल, पिवळट माती उघडी पडलेली. दर पावसाला तिचं तोंड वर सरकतं. त्या तोंडाच्या वर सहा मीटरवरून नोएलीनच्या घराचा कच्चा रस्ता जातो. तेवढाच एक रस्ता, कारण घराच्या दुसऱ्या बाजूला ओढा आहे. रोज सकाळी नर्स गाडीने येऊन त्यांच्या पायाची जखम बांधून जाते.

डॅरिल म्हणाला, रस्ता गेला तर नर्स यायची नाही, आणि त्यांच्या मुलाने, ब्रेटने, बजावून ठेवलं आहे की मग सरळ एज्ड केअर. वृद्धाश्रमांत सध्या काय चाललंय ते रोज बातम्यांत ऐकतोच आहोत. माझी बायको मेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिच्याकडे ते नमुने येतात. ती आकडा सांगत नाही, चहा न घेता अंघोळीला जाते.

म्हणजे आमचं काम रोपं लावायचं नाही. एका बाईला तिच्या घरात राहू द्यायचं आहे.

११ ऑगस्ट, मंगळवार

बाबांना व्हिडिओवर घळ दाखवली. बाबा मृदसंधारण खात्यात एकतीस वर्षं होते. रोजगार हमीच्या कामांवर हजार हजार माणसं त्यांनी चर खणायला लावली आहेत. मी लहानपणी त्यांचं काम कधी धड पाहिलं नाही, बदलीच्या गावी आम्ही नसायचो. शाळा पुण्यात. आज पहिल्यांदाच मी काही दाखवतोय आणि ते बघताहेत असं झालं.

"मोबाइल खाली धर. अजून खाली. कड दाखव. हं." ते स्क्रीनला नाक लावून बघत होते. "ओघळ होती तेव्हाच अडवायला हवी होती. वरून येणारं पाणी थोपव. तोंडाच्या वरच्या अंगाला सलग समतल चर."

मागून आई आली. "ते राहू द्या. सलिल, गुळण्या करतोस ना? मिठाच्या पाण्याच्या. दिवसातून तीनदा."

करतो. करावंच लागतं, नाही तर आई मेधाला फोन करते. आधी हळदही घालत होतो, पण थर्मासला आतून डाग पडले म्हणून मेधाने हळदबंदी केली. आता कोमट पाणी, दोन चमचे मीठ, लाल थर्मास. जेवणाच्या सुट्टीत मी झाडामागे जाऊन खळाखळा गुळण्या करतो आणि हरमन ओरडतो, "लो जी, भाईसाब की आरती शुरू!"

२२ ऑगस्ट, शनिवार

गणपती. यंदा कोणी येणार नाही, कोणाकडे जायचं नाही. स्पृहाने प्लेडोचा गणपती केला. मोदक मेधाने सुट्टी नसताना पहाटे उठून केले. पाकळ्या फुटल्या तर रडायला लागली. मी म्हटलं, फुटू देत की. ती म्हणाली, "सगळंच फुटू देत का?" मी फुटलेलेच मोदक खाल्ले.

८ सप्टेंबर, मंगळवार

आज नोएलीननी घळीच्या तळातली दगडांची ओळ दाखवली, काठीने, लांबूनच. गुडघ्याएवढी उंच, बिनचुन्याची. त्यांच्या जन्माआधीची, मोठ्या मंदीतली. तेव्हा बेकारांना शिध्याच्या बदल्यात कामाला लावायचे. त्यांना 'सुसो' म्हणत.

"बारा माणसं शेडमध्ये झोपायची. माझी आई त्यांना मटणाचं सूप द्यायची. त्यात एक बँकेतला क्लार्क होता, त्याच्या हातांना फोड आलेले. यू लॉट आर द न्यू सुसो, लव्ह!"

सतरा वर्षं अनुभव, एमसीए, आणि शेवटी सुसो. पण राग आला नाही. ते दगड नव्वद वर्षं जागचे हलले नाहीत.

निघताना म्हणाल्या, त्या माणसांचा मुकादम आईला सांगून गेला होता, "डोन्ट कट हर, मिसेस. शी'ल टर्न टु मिल्क." कापू नका, तिचं दूध होईल. कशाचं दूध, विचारलं तर म्हणाल्या, आईलाही ठाऊक नव्हतं, पण ती शेवटपर्यंत म्हणायची. गाईबद्दल काहीतरी असणार. खेड्यापाड्यांत असल्या समजुती सगळीकडे सारख्याच.

२१ सप्टेंबर, सोमवार

डॅरिल चौदा दिवस घरात. त्याची बायको वृद्धाश्रमात स्वयंपाक करते, तिथे एक केस निघाली. त्याने फोनवर सांगितलं, कुंपण आणि रोपं एवढंच करा, बाकी मी आल्यावर.

पण शनिवारच्या पावसाने घळीचं तोंड सरकलं. मी टेप लावून मोजलं, रस्त्यापर्यंत चार मीटर उरलेत. आणि ऑक्टोबर ओला जाणार म्हणताहेत. नोएलीन आज गप्पा मारायला आल्या नाहीत. फाटकावर डबा होता, त्यात चिठ्ठी: 'ब्रेटने फोटो मागितले आहेत. प्लीज त्याला पाठवू नका.'

टालिया म्हणाली, "सो, इंजिनियर? व्हॉट डू वी डू?"

२२ सप्टेंबर, मंगळवार

बाबांना फोन. सगळं सांगितलं. त्यांनी चराची मापं दिली, माती खालच्या अंगाला टाकायची, समपातळी नळीने काढायची. मी लिहून घेत होतो, तेवढ्यात म्हणाले, "थांब. आधी जमीन चोपण आहे का बघ."

चोपण म्हटल्यावर मला लहानपणचा मारच आठवला. तसं म्हणालो तर हसले नाहीत.

"चोपण जमिनीत चर खणला तर जमीनच आपल्याला चोप देते. वरून धट्टीकट्टी दिसते, आत पाणी साठलं की विरघळते. सोपी परीक्षा आहे. खालच्या थरातलं सुपारीएवढं ढेकूळ घे, कोरडं. काचेच्या भांड्यात पाण्यात अलगद सोड. हलवू नकोस. दोन तासांनी बघ. पाणी निवळ राहिलं तर खुशाल खण. भोवती पांढरट ढग दिसला तर फावडं खाली ठेव. आणि पाणी पावसाचं घे हं. विहिरीचं, नळाचं नको."

बाबांचं सगळंच असं असतं. चहालासुद्धा पाणी माठातलंच लागतं.

२३ सप्टेंबर, बुधवार

परीक्षा केली. टालियाची जॅमची रिकामी बरणी घेतली. घळीच्या कडेतून ढेकूळ काढलं, अगदी सुपारीएवढं. पावसाचं पाणी नोएलीनच्या टाकीत, टाकी घराला चिकटून, आणि घरापाशी जायची आम्हाला बंदी. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या बाईंना कुठे बाहेर काढायचं? प्यायच्या बाटल्या सगळ्यांच्या संपल्या होत्या. माझा थर्मास होता. पाणी म्हणजे पाणी.

दोन तास बरणीकडे कोणाला फिरकू दिलं नाही. ढेकूळ जरा ढासळलं, पण पाणी निवळशंख! पलीकडची मेंढी बरणीतून दिसत होती.

डॅरिलला फोन केला. तो खोकत होता, दमलेला वाटला. "टेस्ट केलीस?"

"केली. पाणी एकदम क्लिअर."

त्याने पुन्हा खोकून घेतलं. मग, "मला वाटलं होतं तिकडची माती वाईट आहे. बट यू'र द इंजिनियर. राइटो."

शेवटी टेस्टिंगच कामाला आलं म्हणायचं. मेधाला सांगितलं, ती किती दिवसांनी हसली.

२९ सप्टेंबर, मंगळवार

चर झाला. चाळीस मीटर, गुडघाभर खोल, रस्त्याच्या वरच्या अंगाला. हरमनने तंदूरवाल्या हातांनी एकट्याने अर्धा खणला असेल. टालियाच्या दोन्ही तळहातांना फोड आहेत, तिने त्यांचा फोटो विमानातल्या मैत्रिणींना पाठवला. नळीने पातळी मीच काढली. दोन्ही टोकांत बोटभरही फरक नाही.

व्हिडिओवर दाखवला तेव्हा बाबांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवून बघितला. मग आईला हाक मारली, "अगं ये, बघ, सलिलने चर खणलाय." एमसीए झालो तेव्हा पेढे वाटले होते, पण ही हाक मारली नव्हती.

नोएलीननी पंधरा पावलांवरून टाळ्या वाजवल्या. आज डब्यात फ्रूट केक होता.

५ ऑक्टोबर, सोमवार

हलका पाऊस. चरात पाणी साठलं, एक थेंबही रस्त्यावर आला नाही. नर्सने गाडीतून अंगठा दाखवला. नोएलीननी ब्रेटला फोटो पाठवले, स्वतःहून.

पाणी जरा पांढुरकं दिसलं. आभाळाचं प्रतिबिंब असावं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

रस्ता गेला.

काल दिवसभर कोसळत होता, आम्हाला सुट्टी दिली होती. आज सकाळी चेकपोस्टवर पोलिसांनी परमिट बघण्यात वीस मिनिटं घालवली. पोचलो तेव्हा नर्स फाटकाबाहेर गाडी थांबवून फोनवर बोलत होती. रस्त्याच्या जागी भगदाड होतं, आमची गाडी आत मावेल एवढं.

चर ओलांडून पाणी आलंच नव्हतं. चर शाबूत आहे, बांध शाबूत आहे. चराच्या तळाला भोक पडलं, उंदराच्या बिळासारखं, आणि साठलेलं सगळं पाणी जमिनीच्या पोटातून, रस्त्याखालून, घळीत निघून गेलं. वर गवत तसंच होतं. मग रस्ता खाली बसला. घळीत जे वाहत होतं ते पाणी नव्हतंच. दूध होतं. पांढरंशुभ्र, दाट.

नोएलीन पलीकडे उभ्या होत्या, ड्रेसिंग गाऊनवर रेनकोट. ओरडल्या नाहीत. आम्ही अलीकडे तिघं. मध्ये उडी मारून पार होईल एवढंसंच अंतर, पण कड पायाखाली सुटत होती. हरमन दोनदा पुढे गेला आणि दोनदा टालियाने त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

मी नुसता उभा होतो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

डॅरिल आला. आरडाओरडा करेल अशी आशा होती. नाही केला. चराच्या तळातलं ढेकूळ उचललं, गाडीतून पावसाच्या पाण्याची बाटली काढली, जॅमच्या त्याच बरणीत सोडलं. दहा मिनिटांत ढेकळाभोवती ढग जमला. अर्ध्या तासात बरणीत ताक.

"पण माझं क्लिअर होतं," मी म्हटलं. "या दोघांना विचार." दोघांनी माना डोलावल्या.

"आय बिलीव्ह यू, मेट." तो गोंधळला होता. "पाणी कुठलं घेतलंस?"

"थर्मासमधलं."

"साधं पाणी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि हरमनकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. त्याला कळलं होतं. मला तेव्हा कळलं.

"हो," मी म्हणालो.

डॅरिल म्हणाला, माती दहा पावलांवर बदलते, कधी कधी असं होतं, मनाला लावून घेऊ नकोस. उतार आता उन्हाळ्यापर्यंत सुकणार नाही, तोवर नवा रस्ता काढता येणार नाही. हरमन एक अक्षर बोलला नाही. घरी सोडताना फक्त म्हणाला, "नमक था ना, भाईसाब?"

घरी आल्यावर दोन बरण्या घेतल्या. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत लाल थर्मासमधलं. चरातून आणलेलं एकच ढेकूळ दोन्हीत मोडून टाकलं. एक पांढरी झाली. दुसरीतून स्वयंपाकघराचं घड्याळ स्पष्ट दिसत राहिलं. मीठ असलं की मातीचे कण पाण्यात सुटत नाहीत, घट्ट धरून खाली बसतात, असं मेधाने सांगितलं. तिच्यासाठी ही शाळेतली गोष्ट.

नव्या मुलांना मी कामावर पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचो. रिझल्ट चांगला आला तर आधी टेस्ट एन्व्हायरन्मेंट तपासा. सतरा वर्षं शिकवलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज नोएलीनना नेलं. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढ्यातून आला. ब्रेट सोबत होता, भला माणूस, डोळे सुजलेले. मेलबर्नच्या उत्तरेला कुठेतरी जागा मिळाली आहे. भेटायला जायची सध्या कोणालाच परवानगी नाही, त्यालाही नाही.

मी ठरवलं होतं, सांगायचं. रात्रभर इंग्रजीत वाक्यं जुळवली होती. ट्रॅक्टर कुंपणापाशी आला तसा मी जवळ गेलो, पंधरा पावलं, दहा, आठ. मास्कमधून ओरडलो, "नोएलीन, इट वॉज माय मिस्टेक! आय एम नॉट ॲन इंजिनियर! पाण्यात मीठ होतं! देअर वॉज सॉल्ट!" इंजिन धडधडत होतं. त्यांनी कानाला हात लावला, मग नाद सोडला. मांडीवर स्कोन्सचा तो डबा होता, रिकामा. तो वर करून हलवला.

"नो वरीज, लव्ह!"

आणि गेल्या.

डॅरिलने आम्हाला चर बुजवायला लावला. खणायला चार दिवस लागले होते, बुजवायला दीड.

२५ ऑक्टोबर, रविवार

दसरा. दरवर्षी लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो. यंदा स्पृहा म्हणाली, "डॅड, शुडन्ट इट बी द शवल?" तिनेच फावडं घासून पाटावर ठेवलं, आपट्याच्या पानाऐवजी बागेतलं कसलंतरी पान. मला फूल वाहवेना. तिने वाहिलं.

व्हिडिओवर बाबांनी फावडं बघितलं आणि खूश झाले. रस्ता गेल्याचं त्यांना मेधाने आधीच सांगितलं होतं, कसा गेला ते नाही. गेले पंधरा दिवस ते म्हणे याच विचारात आहेत. जुन्या वह्या काढल्या आहेत. कुठे चुकलं ते हुडकताहेत, स्वतःचं.

"सलिल, मापं मीच दिली होती. दीड फूट जास्त झाली का?"

"नाही बाबा."

"मग उतार? मोबाइलवर मला उतार कळला नसेल. हल्ली डोळ्यांचं काही खरं नाही."

"तुमचं काही चुकलं नाही."

"ढेकळाचं पाणी निवळ होतं ना? तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं. निवळ होतं."

"आणि पावसाचंच घेतलं होतंस?"

मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात श्रीखंडाचा चमचा. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या जागी मीही तसंच बघितलं असतं.

"हो बाबा. पावसाचंच."

त्यांनी वही मिटली. चष्मा काढला, पुसला. एकदम म्हातारे दिसले. "मग माझंच काहीतरी चुकलं. एकतीस वर्षं केलं रे हे काम. आता कळायला लागलं की काहीच कळत नव्हतं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने फोन घेतला. तिला या विषयाचा कंटाळा आला होता. मी वाळलोय म्हणाली, दाढी कर म्हणाली, मग जवळ येऊन हळूच विचारलं, कारण सकाळी पुण्यातली तिची कोणी मैत्रीण गेली.

"गुळण्या चालू आहेत ना रे? विसरत नाहीस ना?"

"नाही विसरत," म्हटलं.